धावण्याचे वय

लहान मुले चालत नाहीत, धावतात. ओट्यावरून अंगणात जायचे असले तरी धावतात आणि अंगणातून परत घरात यायचे असले तरी धावतात. त्यांना कुठे वेळेवर पोहोचायचे असते असे नाही. पाय आहेत म्हणून ती धावतात. माझी मुलगीही अशीच धावायची. कोपऱ्यावरच्या दुकानातून काडेपेटी आणायला पाठवले, की तिच्या मुठीतल्या सुट्या पैशांचा खुळखुळाट आधी ऐकू येई आणि मग ती दिसे. शेजारच्या आजी म्हणत, "ह्या पोरीच्या पायाला भिंगरी बांधली आहे." ते ऐकून आम्ही हसत असू. त्या धावण्यात आम्हाला कौतुकापलीकडे काही दिसत नव्हते, आणि ते तेवढेच दिसत राहिले असते तर फार बरे झाले असते.

२००५ च्या हिवाळ्यात ती तालुक्याच्या शालेय मैदानी स्पर्धेत पहिली आली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पदक गळ्यात घालून ती घरी आली, पदक काढून तिने आईच्या हातात दिले आणि लगेच लंगडी खेळायला पळाली. तिच्या लेखी शर्यत संपली होती. माझ्या मनात मात्र ती त्या दिवशी सुरू झाली.

पुढच्या मे महिन्यात दूरदर्शनच्या पडद्यावर एक दृश्य दिसले. ओरिसातील, म्हणजे आजच्या ओडिशातील, पुरीहून निघालेला बुधिया सिंग नावाचा एक मुलगा भुवनेश्वरच्या दिशेने धावत होता. तारीख होती २ मे २००६. त्याच्या सोबतीला जवान धावत होते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची गर्दी लोटली होती. सात तास आणि दोन मिनिटांत त्याने ६५ किलोमीटर अंतर कापले. त्याचे वय होते चार वर्षे! उन्हाने तो कासावीस झालेला दिसत होता. माझी पत्नी पदराने तोंड झाकून म्हणाली, "अहो, किती लहान आहे तो! कुणी थांबवत कसे नाही त्याला?" मी मात्र मनातल्या मनात वेगळाच हिशेब मांडत होतो. चार वर्षांचा मुलगा ६५ किलोमीटर धावतो, तर दहा वर्षांच्या माझ्या मुलीला १० किलोमीटर काय अवघड आहे?

जून महिन्यापासून आमचा सराव सुरू झाला. पहाटे पाच वाजता मी तिला उठवत असे. रात्री भिजत घातलेले हरभरे आणि गुळाचा खडा तिच्या हातावर ठेवला, की आम्ही गावाबाहेरच्या कालव्याच्या रस्त्यावर जात असू. ती पुढे धावे आणि मागून मी स्कूटरवर. गळ्यात स्टॉपवॉच, खिशात वही. आधी तीन किलोमीटर, मग पाच, दिवाळीनंतर आठ. वहीत रोजची वेळ सेकंदांसकट लिहिलेली असे. मागच्या आठवड्यापेक्षा चार सेकंद कमी झाले तर माझा दिवस चांगला जाई. चार सेकंद वाढले तर घरात कुणी माझ्याशी फारसे बोलत नसे.

शालेय स्पर्धांत चौदा वर्षांखालील मुलांना सर्वांत लांब शर्यत ६०० मीटरची असते. हा नियम कुणीतरी विचार करून घातला असेल, हे माझ्या ध्यानात आले नाही. मला तो माझ्या मुलीच्या वाटेतला अडथळा वाटला. मग मी तिला गावोगावच्या रस्त्यावरील शर्यतींना नेऊ लागलो. गणेशोत्सवात, जयंत्यांना, यात्रेच्या निमित्ताने अशा शर्यती होतात. "वय लहान आहे, पण पळते चांगली," असे मी संयोजकांना सांगत असे आणि तेही कौतुकाने तिला मोठ्या मुलींत उभी करत. एका परिचित प्रशिक्षकांनी तिच्यासाठी आठवड्याचे वेळापत्रक लिहून दिले. ते भरतीची तयारी करणाऱ्या मोठ्या मुलामुलींचे वेळापत्रक होते. फक्त वरचे नाव बदलले होते. ते मला ठाऊक होते, तरीही मी तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवला.

शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी एकदा मला बोलावून घेतले. ते म्हणाले, "तिला खो-खोच्या संघात घेऊ द्या. उठणे, बसणे, वळणे, हुलकावणी देणे ह्याने सगळे शरीर तयार होते. शिवाय तिला मैत्रिणीही मिळतील." मी नम्रपणे नकार दिला. खो-खोत पाय मुरगळला तर काय करायचे, असे मी त्यांना विचारले. अशा रीतीने खो-खो सुटला, लंगडी सुटली, सुटीतले पोहणे सुटले. खेळांनी भरलेल्या बालपणातून आम्ही एकच खेळ शिल्लक ठेवला आणि कालांतराने तोही खेळ राहिला नाही.

पहिल्या दोन वर्षांत यश भरभरून मिळाले. काचेच्या कपाटात चषकांची रांग लागली. स्थानिक वृत्तपत्रात तिचे छायाचित्र आले. त्याखाली माझेही नाव होते. ते कात्रण मी किती जणांना दाखवले, ते सांगायला आज संकोच वाटतो.

ह्याच काळात संध्याकाळी मी प्रौढ विद्यार्थ्यांच्या वर्गाला मराठी शिकवत असे. कुणी गवंडीकाम करून येई, कुणी चार घरची धुणीभांडी करून. पंचेचाळिशीतल्या एक बाई दहावीच्या परीक्षेची तयारी करत होत्या. "गुरुजी, आता ह्या वयात जमेल का?" असे त्यांनी विचारले, की मी ठामपणे म्हणत असे, "शिकण्याला वय नसते. घाई करू नका. आपल्या गतीने चला." हेच मी रोज संध्याकाळी सांगत होतो आणि पहाटे दहा वर्षांच्या मुलीच्या मागे स्कूटर लावून ओरडत होतो, "चल, उशीर होतोय!" ह्या दोन वाक्यांतला विरोध मला तेव्हा एकदाही जाणवला नाही.

बारावे वर्ष लागले तशी ती उंच होऊ लागली. वर्षभरात फ्रॉक आखूड झाले, बूट दोनदा बदलावे लागले. आणि नेमक्या ह्याच वेळी वहीतले आकडे अडून बसले. वेळ कमी होईना. मला वाटले, मन लागत नाही. मी अंतर वाढवले. ती कधी कधी नडगी चोळत बसलेली दिसे. विचारले तर "काही नाही" म्हणे. एकदा तिच्या आईने रात्री तिच्या पायाला तेल लावताना मला हाक मारली आणि नडगीवरची जागा दाखवली. बोट टेकताच मुलगी कळवळली. मी म्हणालो, "थोडे सहन करावेच लागते. सगळे मोठे खेळाडू असेच घडले आहेत."

एके दिवशी पहाटे कालव्यापाशी पोहोचल्यावर तिने मला विचारले, "बाबा, आज मी नुसती पळू का? घड्याळाशिवाय?"

मी म्हणालो, "घड्याळाशिवाय कसे कळेल किती प्रगती झाली?"

ती काही बोलली नाही. बुटाची नाडी बांधून ती धावू लागली. तिच्या त्या प्रश्नाचा अर्थ लागायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

२००९ च्या हिवाळ्यात एका शर्यतीत ती अर्ध्या वाटेवर थांबली. पडली नाही, ठेच लागली नाही. नुसती थांबली आणि रस्त्याच्या कडेला बसली. मी स्कूटर टाकून धावत गेलो. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. ती एवढेच म्हणाली, "बाबा, आता खरंच होत नाही."

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. नडगीच्या हाडाला बारीक चीर पडली होती. पडल्याने किंवा आपटल्याने पडलेली ती चीर नव्हती. तोच आघात त्याच जागी हजारो वेळा झाल्याने हाड थकून तडकते. त्याला 'स्ट्रेस फ्रॅक्चर' म्हणतात. मग त्यांनी मला समोर बसवून शांतपणे समजावून सांगितले. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेचा एक थर असतो. हाडाची उंची तिथे वाढते आणि तोच भाग सर्वांत नाजूक असतो. हाडे झपाट्याने लांबतात, तेव्हा स्नायू आणि त्यांना हाडांशी जोडणारे कंडरे मागे पडतात. त्यामुळे सांध्यांवर ओढ बसते. अशा दिवसांत मुलांची गती मंदावली तर तो आळस नसतो. शरीर दुसऱ्या कामात गुंतलेले असते. मुले खेळतात तेव्हा कधी उडी मारतात, कधी वळतात, कधी दमून बसतात. त्यामुळे शरीरावरचा भार वाटला जातो. एकाच तालात मैलोन्मैल धावताना मात्र प्रत्येक पावलाचा धक्का त्याच जागी बसतो. उन्हाचा तडाखाही लहान शरीराला मोठ्यांपेक्षा लवकर जाणवतो.

नंतर त्यांनी तिच्या आईला तिच्या आहाराबद्दल आणि पाळीबद्दल विचारले. मुलींच्या बाबतीत श्रम फार आणि खाणे अपुरे असले तर पाळी लांबते आणि त्याचबरोबर हाडेही कमकुवत होतात, असे ते म्हणाले. "ही लाजून लपवायची गोष्ट नाही. शरीराने दिलेली ती सूचना असते." शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, "हिला एवढे धावायला कुणी सांगितले?"

त्या खोलीत आम्ही चौघे होतो. उत्तर चौघांनाही ठाऊक होते.

चीर काही महिन्यांत भरून आली. हाडे क्षमाशील असतात. विश्रांती मिळाली की झाले गेले विसरतात. पण पाय बरा झाल्यावर मी कपाटातून तिचे बूट काढले, तेव्हा ती म्हणाली, "मला नको." मी समजावले, रागावलो, अबोलाही धरला. ती बधली नाही. एका दुपारी तिने सगळे चषक एका पोत्यात भरले आणि माळ्यावर टाकले. सुरुवातीला मला वाटले, पोरीने माझ्या कष्टांची माती केली. कष्ट माझे नव्हतेच, हे कळायला वेळ लागला. आणखी उशिरा कळली ती खरी हानी. स्पर्धा गेल्या ह्याचे दुःख लहान होते. जी मुलगी काडेपेटी आणायलाही धावत जायची, तिचे धावणेच मी तिच्याकडून काढून घेतले होते.

त्या वर्षांत मला बुधियाची आठवण पुन्हा पुन्हा येई. त्याच्याविषयी जे वाचायला मिळे ते मी वाचत असे. त्या धावेनंतर सरकारी यंत्रणेने त्याच्या लांब पल्ल्याच्या धावण्याला बंदी केली. पुढे भुवनेश्वरच्या क्रीडा वसतिगृहात त्याची सोय झाली. त्याचे प्रशिक्षक बिरंची दास ह्यांची एप्रिल २००८ मध्ये हत्या झाली. त्या हत्येचा ह्या वादाशी संबंध नव्हता. २०१६ मध्ये त्याच्या बालपणावर हिंदी चित्रपट निघाला. बुधिया मोठा झाला, पण ज्या ऑलिंपिकची स्वप्ने त्याच्या नावाने पाहिली गेली तिथवर तो पोहोचला नाही. ह्या गोष्टीत एकालाच दोषी ठरवणे मला जमत नाही. अत्यंत गरीब घरातल्या त्या मुलाला दास ह्यांनी आसरा दिला होता, अन्न दिले होते, हेही खरे आहे. पण रस्त्याच्या दुतर्फा टाळ्या वाजवणारी ती गर्दी आणि पडद्यासमोर बसून हिशेब मांडणारा मी, आम्ही तर त्याला काहीच दिले नव्हते. आम्ही फक्त पाहिले आणि त्याला आणखी धावायला लावले.

लांब पल्ल्याचे धावणे हा मुळात सबुरीचा खेळ आहे, हे मी नंतर शिकलो. शिवनाथ सिंग ह्यांनी १९७८ मध्ये जालंधर येथे २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली आणि तो भारतीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला. तेव्हा त्यांनी तिशी ओलांडलेली होती. आपल्या बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे ह्यांचे उदाहरण तर अगदी जवळचे आहे. लहानपणी त्यांची शाळा घरापासून सहा किलोमीटरवर होती. ते कधी चालत, कधी धावत जात. त्यांच्या मागे कुणी घड्याळ घेऊन येत नव्हते. बारावीनंतर ते सैन्यात गेले. सियाचीनची थंडी आणि राजस्थानची उष्णता अनुभवून झाल्यावर, २०१५ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या विशीत ते क्रॉसकंट्री शर्यतींकडे वळले. अडथळ्यांच्या ३००० मीटर शर्यतीचा, म्हणजे स्टीपलचेसचा सराव तर त्याहूनही नंतरचा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले; सुवर्णपदक अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले. पुढच्या वर्षी हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी! नऊ-दहा वर्षांच्या वयात त्यांच्याकडे दाखवायला एकही चषक नसेल. त्यामुळे त्यांचे काही अडले नाही.

उशिरा सुरू करणारा प्रत्येक जण साबळे होतो, असा ह्याचा अर्थ नाही. लवकर सुरू करणारा प्रत्येक जण मोडतो, असेही नाही. पण मुलांच्या डॉक्टरांचे म्हणणे मला आता पटते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सल्ला दिला, की एकाच खेळाची निवड साधारण पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबणीवर टाकावी, आठवड्यातून एक-दोन दिवस आणि वर्षातून काही महिने त्या खेळापासून सुटी द्यावी. मुंबईच्या मोठ्या मॅरेथॉनमध्ये पूर्ण अंतर धावण्यासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. पूर्वी असे नियम वाचून मी चिडत असे. आता वाटते, हा नियम म्हणजे कुणा अनोळखी वडीलधाऱ्याने मुलाच्या खांद्यावर ठेवलेला हात आहे.

आईबापांच्या घाईमागे नेहमी हौसच असते असेही नाही. ज्या घरात उद्याची भाकरी निश्चित नाही, तिथे शर्यतीच्या बक्षिसाचे पाचशे रुपये मोठे असतात. खेळाडू म्हणून पोलिसात, रेल्वेत, सैन्यात नोकरी लागेल ही आशा खोटी नसते. अशा आईबापांना दुरून उपदेश करणे सोपे आहे. पण त्यांच्याही मुलाचे हाड तेवढेच कोवळे असते, आणि अठराव्या वर्षी भरतीला उभे राहायचे तर बाराव्या वर्षी पाय जपायला हवेत. माझ्यापुढे तर भाकरीचा प्रश्नही नव्हता. मला महिन्याचा पगार मिळत होता. मला हवे होते ते कात्रणाखाली छापलेले माझे नाव.

आज माझी मुलगी संसारात रमली आहे. तिलाही एक मुलगी आहे, चार वर्षांची. मागच्या दिवाळीत दोघी आमच्याकडे आल्या होत्या. एका सकाळी आम्ही तिघे कालव्यावर फिरायला गेलो. बाभळी पूर्वीपेक्षा दाट झाल्या आहेत, रस्ता डांबरी झाला आहे. नातीने माझे बोट सोडले आणि काही न सांगता ती धावत सुटली. पावले आपटत, हात कसेही हलवत, मध्येच मागे वळून हसत. पायाची ठेवण थेट आईची! माझा हात आपोआप खिशातल्या मोबाइलकडे गेला. त्यातही स्टॉपवॉच असते.

मुलगी माझ्याकडे पाहत होती. ती काही बोलली नाही. मी हात रिकामाच बाहेर काढला.

पुढे नात एकाएकी थांबली. रस्त्याच्या कडेला मुंग्यांची रांग चालली होती, ती उकिडवी बसून पाहू लागली. आम्ही जवळ पोहोचेपर्यंत तिचे मुंग्या पाहणे संपले होते. ती उठली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही पण पळा ना!"

गुडघे कुरकुरत होते, तरी मी धावलो. वीस-पंचवीस पावलांतच धाप लागली. मागून पावलांचा आवाज आला, म्हणून वळून पाहिले. चपला हातात घेऊन माझी मुलगी धावत येत होती. ती माझ्याजवळ थांबली नाही. मला मागे टाकून ती आपल्या लेकीच्या दिशेने निघून गेली आणि कालव्याच्या वळणापर्यंत दोघी धावतच राहिल्या. किती वेळ धावल्या, ते मी मोजले नाही.